पाठीतलं पाणी

काही वाक्यं अशी असतात की ती कानावर पडली की घरातली चार माणसं एकदम गप्प होतात. 'पाठीतलं पाणी काढायचंय' हे त्यांपैकी एक. डॉक्टर मंडळी त्याला लंबर पंक्चर म्हणतात. आता 'पंक्चर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुणे-नाशिक रस्त्यावरचं टायरवाल्याचं दुकान येतं, आणि मग पाठीचा काय टायर आहे का, असा प्रश्न साहजिकच पडतो. नावापासूनच गाडी अडते ती अशी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. (वर्गात उत्तर आधी आणि स्पष्टीकरण मागून द्यायची जुनी सवय आहे.) डॉक्टरांना ही तपासणी गरजेची वाटत असेल, तर 'माणूस लुळा पडतो' या ऐकीव भीतीपोटी ती नाकारू नये. आणि डॉक्टरांनी सुई हातात घेण्याआधी पाच मिनिटं बसून, रुग्णाला समजेल अशा भाषेत, काय होणार ते सांगावं. यातली दुसरी गोष्ट होत नाही म्हणून पहिली अडते, असं मला वाटतं. लोक अडाणी आहेत म्हणून नकार देतात, हे काही मला पटत नाही. चाकणच्या कंपनीत संगणकावर चालणारं यंत्र सांभाळणारा मुलगा अडाणी कसा?

विषय डोक्यात घोळायला लागला तो २०२५ च्या जानेवारीत. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमची साथ आली, ते तुम्हा सर्वांना आठवत असेल. वर्तमानपत्रं 'जीबीएस' या तीन अक्षरांनी भरून गेली होती. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही मृत्यू झाले. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले आणि त्यांच्या उपचारासाठी वायसीएम रुग्णालयात सोय करण्यात आली. या आजारात होतं असं, की आधी जुलाब किंवा सर्दी-ताप येऊन जातो, आणि एक-दोन आठवड्यांनी शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. पायांतली ताकद जाते, मग हातांतली, आणि काहींची श्वासापर्यंत पाळी येते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, तो दूषित पाण्या-अन्नातून येतो. निदानासाठी ज्या तपासण्या करतात त्यांत हे 'पाठीतलं पाणी' येतं.

आमच्या चिखलीच्या सोसायटीत तळमजल्यावर तीन-चार मुलं भाड्यानं राहतात. सगळी परभणीकडची, चाकणला कंत्राटी कामावर. त्यांतल्या एकाला त्या दिवसांत जुलाब झाले, बरेही झाले, आणि आठवड्याभरानं एका सकाळी त्याला बसच्या पायरीवर पाय टाकता येईना. मित्रांनी त्याला एका रुग्णालयात नेलं (नाव लिहीत नाही). संध्याकाळी त्याचा मोठा भाऊ माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, ते पाठीतलं पाणी काढतो म्हणतायत. सही कर म्हणतात. गावाकडं मामाला फोन लावला तर मामा म्हणतो, अजिबात करू द्यायचं नाही, आमच्या गावात एकाचं काढलं तर तो जन्माचा लुळा पडला."

मी विचारलं, "डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"काही नाही. सिस्टर फॉर्म घेऊन आली. इंग्रजीत आहे. वाचायला लागलो तर म्हणाली, लवकर सही करा, डॉक्टर थांबलेत."

त्यानं सही केली नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही केली नसती. कोणत्याही शहाण्या माणसानं न वाचलेल्या कागदावर सही करू नये, हे आम्हीच शाळेत शिकवलंय की!

त्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीण होती, बहुधा शिकाऊ असावी. तिनं त्या दोघा भावांना खाटेजवळ बसवलं, औषधाच्या कागदाच्या पाठीमागे पेननं पाठीचा कणा काढला, सुई कुठे जाणार ते दाखवलं, आणि पाच-सात मिनिटांत सगळं समजावलं. मुलानं स्वतःच सही केली. तपासणी झाली, इंजेक्शनांचा उपचार झाला, तीन-साडेतीन महिन्यांनी तो वॉकर सोडून चालायला लागला. त्या एका दिवसानं किती फरक पडला हे मी डॉक्टर नसल्यामुळे सांगू शकत नाही. पण या आजारात उपचार जितका लवकर तितका बरा, हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

आता मामांबद्दल. मामा खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांच्या गावात कुणाचं तरी पाणी काढलं असेल आणि तो माणूस पुढे लुळा पडलाही असेल. पण पाणी काढायची वेळ येते कुणावर? ज्याला मेंदूज्वराची शंका आहे, ज्याच्या पायांतलं बळ चाललंय, जो बेशुद्ध आहे, अशावर. म्हणजे माणूस आधीच गंभीर आजारी असतो. त्यातून तो वाचला नाही किंवा अपंग झाला, की घरच्यांच्या डोळ्यांसमोर राहते ती सुई. आजार दिसत नाही, सुई दिसते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. आणि त्या वेळी 'हे आजारामुळे झालं, सुईमुळे नाही' असं कोणी बसून सांगितलेलं नसेल, तर पुढची चाळीस वर्षं तीच गोष्ट गावाच्या पारावर सांगितली जाते.

सुईनं माणूस लुळा का पडत नाही, हे समजायला पाठीची थोडी रचना बघावी लागते. मेंदूपासून खाली पाठीच्या कण्यातून जाते ती मज्जारज्जू. मोठ्या माणसात ही दोरी कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. त्याखाली जाड दोरी नसते, सुट्या नसांचा जुडगा असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, आणि तो पाण्यात तरंगत असतो. सुई घालतात ती त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. जिथे सुई जाते तिथे मज्जारज्जू नसतेच. सुट्या नसा सुई आली की बहुधा बाजूला सरकतात. ही जागा शोधायची खूणही सोपी आहे. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे वरचे काठ हातानं चाचपायचे आणि दोन्हींना जोडणारी आडवी रेघ मनात ओढायची, ती साधारण चौथ्या मणक्यावरून जाते.

आणि ते पाणी? ते काही नुसतं पाणी नव्हे. मेंदू आणि मज्जारज्जू त्यात बुडालेले असतात, त्यांना धक्का बसू नये म्हणून. एका वेळी अंगात साधारण १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. म्हणजे दिवसातून तीन वेळा सगळं बदलतं. (आमच्या पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं, त्या मानानं मेंदूचा पाणीपुरवठा विभाग कितीतरी कार्यक्षम म्हणायचा!) तपासणीला साधारण दहा मिलिलिटर घेतात, दोन चहाचे चमचे. ते अर्ध्या-पाऊण तासात भरून येतं. 'पाणी काढलं की कणा कोरडा पडतो' ही समजूत इथेच संपायला हवी.

माझं स्वतःचं हे पाणी काढलेलं आहे, हे नात्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी चालताना माझे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले होते. म्हातारपणी मेंदूतल्या पोकळ्यांत हे पाणी साचून राहण्याचा एक आजार असतो, त्याची डॉक्टरांना शंका आली. त्यात थोडं जास्त, तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढून त्याआधी आणि नंतर माणसाला चालवून बघतात. माझ्यात तो आजार निघाला नाही, मानेच्या मणक्यांचं दुखणं निघालं. ती कथा पुन्हा कधीतरी.

पण पंक्चरचा अनुभव सांगतो, कारण कुणी सांगत नाही तो हाच भाग.

आधी विचारतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. हे विसरू नका, आणि त्यांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा. हृदयाच्या दुखण्यासाठी आपल्यापैकी निम्मे लोक त्या घेतात, आणि त्या असताना सुई टोचली तर आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे डॉक्टर ठरवतात, आपण आपल्या मनानं बंद करायची नाही. पाठीवर सुईच्या जागी गळू किंवा पुरळ असेल तरी सांगावं. काही रुग्णांचा आधी मेंदूचा सीटी स्कॅन करतात. डोक्यात गाठ किंवा सूज असून वर दाब वाढलेला असेल आणि खालून पाणी काढलं, तर मेंदू खाली सरकू शकतो. तो खरा धोका आहे, आणि म्हणूनच अशांच्या बाबतीत डॉक्टर थांबतात. 'आता म्हणतात थांबा, मघाशी म्हणाले लगेच करा' म्हणून चिडू नये.

मला डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. आईच्या पोटात बाळ असतं तसं. (सत्तरी ओलांडलेल्या बाळाला तसं वळायला जरा वेळ लागला.) पाठीचा बाक जितका जास्त तितकी मणक्यांमधली फट मोकळी होते, त्यासाठी हे सगळं. काहींना बसवून, उशी पोटाशी धरून पुढे वाकायला सांगतात. मग पाठीवर औषधाचे गार बोळे. तो गारवा एवढा अचानक असतो की मी दचकलो, ते सांगायला हवं होतं. मग भूल द्यायची बारीक सुई. ही झोंबते. दहा-पंधरा सेकंद चांगली आग होते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकारात दुखणं म्हणतात ते एवढंच. त्यानंतरची मोठी सुई टोचल्यासारखी वाटतच नाही, कुणीतरी अंगठ्यानं पाठीत दाबतंय असं वाटतं.

मध्येच उजव्या पायात सर्रकन वीज गेल्यासारखं झालं. मला आधी सांगितलं होतं म्हणून मी घाबरलो नाही, हललो नाही, नुसतं "उजवा पाय" म्हटलं. सुट्या नसांपैकी एखादीला सुईचं टोक लागलं की तसं होतं, डॉक्टर सुईची दिशा बदलतात आणि ते थांबतं. आता हे आधी सांगितलेलं नसेल तर काय होईल, विचार करा! माणूस म्हणणार, गेला माझा पाय. आणि उसळी मारणार.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते हे, की पाणी ओढून काढत नाहीत. सिरिंज लावून खेचतात असंच मला वाटत होतं. तसं नाही, ते आपलं आपण थेंबथेंब बाहेर पडतं आणि खाली बाटल्या धरतात, तीन किंवा चार. आधी एक उभी नळी लावून पाण्याचा दाब मोजतात. बाटलीतलं पाणी मी बघायला मागितलं. नितळ, बिसलेरीसारखं. मेंदूज्वरात ते गढूळ होऊ शकतं. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी लहानशी पट्टी.

त्या थेंबांत काय बघतात? पेशी किती, प्रथिनं किती, साखर किती. त्याच वेळी बोटाची किंवा हाताची रक्तशर्करा घेतात, कारण पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असावी लागते. क्षयाच्या किंवा जिवाणूंच्या मेंदूज्वरात ती खाली जाते. ('पाठीतलं पाणी काढताना पुन्हा रक्त कशाला, बिल वाढवायला का?' असं माझ्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणत होते, त्यांना हे उत्तर.) गुलेन बॅरीत प्रथिनं वाढतात पण पेशी वाढत नाहीत. हे गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, दोन सैनिकांत पाहिलं होतं, आणि शंभर वर्षांनंतर आपल्या पुण्यात तीच खूण कामी आली. अर्थात पहिल्या आठवड्यात प्रथिनं वाढलेली नसूही शकतात, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणजे आजार नाही असं होत नाही. पेशींचा रिपोर्ट काही तासांत येतो, जंतूंची वाढ बघायला काही दिवस लागतात, क्षयाच्या जंतूंना तर काही आठवडे. तोवर उपचार थांबवत नाहीत.

ही पद्धत काही कालपरवाची नव्हे. जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिख क्विंके यांनी ती १८९१ साली मांडली. त्याच शहरात १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर यांनी याच जागी औषध सोडून कंबरेखालचा भाग बधिर करायचा प्रयोग केला, स्वतःवरही करून घेतला, आणि मग कित्येक दिवस डोकेदुखीनं आडवे झाले! सिझरच्या वेळी पाठीत देतात ते इंजेक्शन हा त्या प्रयोगाचा वारस. आपल्या घराघरांत बायकांची कंबर दुखली की त्याला बोल लावतात. आमच्या हिचंही तेच म्हणणं आहे आणि मी वाद घालत नाही, पण त्या सुईनं कायमची कंबरदुखी लागते याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. काही दिवस सुईच्या जागी ठणकतं, तेवढं खरं.

बीअरसाहेबांची डोकेदुखी मात्र खरी. आणि ती सांगायलाच हवी, कारण लपवलं की विश्वास जातो. सुईच्या भोकातून पाणी आतल्या आत थोडं झिरपत राहतं, दाब कमी होतो आणि उभं राहिलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं. हीच तिची ओळख. धारदार टोकाच्या जुन्या पद्धतीच्या सुईनं दर शंभरात दहा-अकरा जणांना ती होते, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईनं चार-पाच जणांना. म्हणून 'कोणती सुई वापरणार?' असं विचारायला हरकत नाही. डॉक्टर रागावले तर रागावू देत. डोकेदुखी बहुतेकांची आठवड्याभरात जाते. न गेली तर रुग्णाचंच थोडं रक्त काढून पाठीत त्या जागी सोडतात, ते गोठून भोक बुजतं. (हे मात्र अगदी टायरवाल्यासारखंच झालं!) पूर्वी चोवीस तास उताणं पडून राहायला लावायचे. नुसतं पडून राहिल्यानं डोकेदुखी टळत नाही, असं आता दिसून आलंय.

आमच्या तळमजल्यावरच्या मुलांचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो फॉर्मवर कुठेच नव्हता. "किती दिवस खाडा पडेल?" कंत्राटी माणसाला खाड्याचे पैसे मिळत नाहीत. ज्याला आठ तास यंत्रापुढे उभं राहायचंय त्याला 'उभं राहिलं की डोकं दुखतं' ही बारीकसारीक तक्रार नव्हे. निदान एक-दोन दिवस वजन उचलू नको, डोकं दुखलं तर उभ्याचं काम जमणार नाही, हे त्याला आधी कळायला हवं, म्हणजे तो ठेकेदाराशी बोलेल. आणि ताप, मान ताठणं, पाय बधिर होणं, लघवी अडणं, सुईच्या जागेतून पाणी येत राहणं, यांतलं काही झालं तर वाट न बघता परत यायचं, हेही.

सहीबद्दल एक. २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संमती म्हणजे नुसती सही नव्हे, रुग्णाला पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे. आणि सज्ञान रुग्ण काही वेळानं शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकत असेल, जिवाची घाई नसेल, तर त्याच्या वतीनं आईनं दिलेली संमतीही चालत नाही. त्या खटल्यात नेमकं तेच झालं होतं. मग गावाकडच्या मामाची नकारघंटा कुठे बसते? तो मुलगा चोवीस वर्षांचा होता, पूर्ण शुद्धीवर होता, आणि पहिल्या दिवशी त्याला सोडून सगळ्यांना विचारलं गेलं.

डॉक्टरांची बाजू मला कळते. एका डॉक्टरमागे किती रुग्ण असतात, ते वायसीएमच्या किंवा मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन कुणीही बघावं. पण ती पाच मिनिटं वाचवून पुढचा अख्खा दिवस जातो, हा हिशोब कसला? शिवाय आपल्या या पट्ट्यात मराठवाड्यातले आहेत, विदर्भातले आहेत, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातले आहेत. इंग्रजी फॉर्म नेमका कुणासाठी छापलाय?

मी एक पानाचा मजकूर लिहून ठेवलाय. सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात, त्या डॉक्टरिणीनं काढलं होतं तसं चित्र घालून. चित्र माझ्या नातीनं काढलं आहे आणि ते कण्यापेक्षा भेंडीसारखं जास्त दिसतं, ते सुधारायला सांगितलंय. मजकूर एका ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टकडे तपासायला दिला आहे. त्यांनी दोन ठिकाणी लाल खुणा केल्या, मला गंमत वाटली, इतकी वर्षं ते काम माझं होतं. तुमच्यापैकी कुणी रुग्णालयात काम करत असेल आणि तिथे लावायचा असेल तर घेऊन जा, माझं नाव घालायची गरज नाही. हिंदी मात्र माझं कच्चं आहे. भोसरीतल्या किंवा चाकणमधल्या कुणाला ते पान चांगल्या, बोलीतल्या हिंदीत करून देता आलं तर कळवा. ओडिया येणारं कुणी असेल तर फारच उत्तम.